'लोकांना हेच हवंय' असं म्हणणाऱ्यांना : फीडची क्रमवारी ठरवणाऱ्या टीमना खुलं पत्र

प्रति,
समाजमाध्यमं आणि व्हिडिओ मंचांवरच्या रँकिंग, प्रॉडक्ट आणि डेटा टीम

विषय : वापरकर्त्याने निवडलेली मांडणी परस्पर बदलणं आणि क्रमवारीचे निकष झाकून ठेवणं

स.न.वि.वि.

फक्त फॉलो केलेल्यांच्या पोस्ट, नव्यापासून जुन्याकडे, अशी मांडणी निवडायची सोय तुम्ही बऱ्याच ॲपमध्ये दिली आहे. कुठे ती लोगोवर टॅप केल्यावर उघडते, कुठे सेटिंगमध्ये तीन-चार पडदे ओलांडल्यावर. माणूस ती शोधून काढतो, निवडतो, ॲप बंद करतो. परत उघडतो तेव्हा फीड पुन्हा तुमच्या क्रमाने लागलेली असते. कोणता व्हिडिओ कितव्या सेकंदाला सोडला हे लक्षात ठेवणाऱ्या यंत्रणेला एक हो-नाहीची नोंद जपता येत नाही, यावर आमचा विश्वास बसत नाही. हा बग नाही, घेतलेला निर्णय आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाला याच मुद्द्यावर बजावलं, की नेदरलँड्समधल्या वापरकर्त्यांनी प्रोफायलिंगशिवायची (म्हणजे सवयींचा माग न घेता लावलेली) फीड निवडली तर ती निवड टिकली पाहिजे. एवढ्याशा गोष्टीसाठी लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

या निर्णयामागचं समर्थन ठरलेलं असतं. लोक जे बघतात तेच आम्ही दाखवतो, आम्ही फक्त आरसा धरतो. आमचा आक्षेप या समर्थनावर आहे.

आम्ही शिफारस-प्रणाली, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणा, बांधणाऱ्या आणि तपासणाऱ्यांपैकी आहोत. तुमच्या डॅशबोर्डवर जे आकडे दिसतात त्याच जातीचे आकडे आमच्याही समोर असतात, त्यांच्यावरच आमचंही काम जोखलं जातं. त्यामुळे 'अल्गोरिदम ठरवतो, आम्ही काय करणार' हे उत्तर आम्हाला तरी देऊ नका. आणि कामावरून सुटल्यावर आम्हीही तुमचे वापरकर्तेच असतो.

आता तक्रारी. पहिली वेटेजची, म्हणजे कोणत्या कृतीला क्रमवारीत किती वजन द्यायचं याची. तिच्यावर जरा जास्त वेळ घेतो, कारण बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात.

मार्च 2023 मध्ये ट्विटरने आपल्या शिफारस-प्रणालीचा बराच कोड खुला केला, म्हणून निदान एका मंचाबद्दल नेमकं बोलता येतं. एका वापरकर्त्याच्या फीडसाठी आधी सुमारे 1500 पोस्ट गोळा होत. साधारण निम्म्या फॉलो केलेल्यांच्या, निम्म्या बाहेरच्या. मग सुमारे 4 कोटी 80 लाख पॅरामीटरचं (शिकताना यंत्र स्वतः जुळवतं अशा आकड्यांचं) मॉडेल प्रत्येक पोस्टबाबत अंदाज बांधी : हा माणूस लाइक करण्याची शक्यता किती, रिप्लाय देण्याची किती, तक्रार करण्याची किती. इथवर काम यंत्राचं. पुढे त्या प्रत्येक शक्यतेला एका ठरलेल्या आकड्याने गुणून बेरीज केली जाई. लाइकला 0.5, रिट्विटला 1, रिप्लायला 13.5, आणि रिप्लायला मूळ लेखकाने प्रतिसाद दिला तर 75. 'हे कमी दाखवा', म्यूट, ब्लॉक अशा नापसंतीला उणे 74, तक्रारीला उणे 369. बेरीज जास्त ती पोस्ट वर.

हे गणित करून बघा. समजा, एका पोस्टमध्ये एखादा किचकट विषय नीट उलगडून सांगितला आहे. तिला लाइक मिळण्याची शक्यता 6 टक्के, रिट्विट 1 टक्का, रिप्लाय 0.2 टक्के. तिची बेरीज होते 0.067. दुसरी पोस्ट कुणाला तरी डिवचणारी आहे. लाइक 2 टक्के, रिट्विट 0.5, रिप्लाय 2, आणि लेखक स्वतः वादात उतरण्याची शक्यता 0.5 टक्के. बेरीज 0.660. आता तिच्यावर नापसंतीचा 0.1 टक्का आणि तक्रारीचा 0.05 टक्का धरा. 0.2585 वजा होऊन उरतात 0.4015. म्हणजे पहिली पोस्ट तिप्पट लोकांना आवडूनही दुसरी सहापट गुण मिळवून वर जाते, तीही तक्रारी धरून.

यात मॉडेलची काहीच चूक नाही. त्याचे सगळे अंदाज अचूक असले तरी निकाल हाच येईल. 13.5 आणि 75 हे आकडे मॉडेल शिकलेलं नाही, ते टीमने लिहिले. सुरुवातीला प्रत्येक कृतीचा वाटा सारखा पडावा म्हणून ते ठरवले आणि नंतर मंचाच्या मेट्रिकसाठी (मंच आपलं यश ज्यांनी मोजतो त्या आकड्यांसाठी) वेळोवेळी बदलले, असं त्या कोडसोबतच्या टिपणातच म्हटलं आहे. क्वचित घडणाऱ्या कृतीला मोठं वेटेज देणं गणित म्हणून समजतं. पण रिप्लाय हा वाद आहे की आभार, हे त्या आकड्याला कळत नाही, आणि कळत नाही हे टीमला कळत असतं.

फेसबुकचं उदाहरण याहून बोलकं आहे. 2021 मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांनुसार 2017 पासून तिथे इमोजी प्रतिक्रियेला लाइकच्या पाचपट वेटेज होतं, रागाच्या चेहऱ्यालाही तेवढंच. राग येणाऱ्या पोस्ट पाचपट जोराने वर ढकलल्या जातील ही शंका कंपनीतल्याच लोकांनी मांडली होती. 2018 मध्ये रागाचं वेटेज चारपट झालं, 2020 मध्ये आधी दीडपट आणि सप्टेंबरात शून्य. शून्य केल्यावर खोटी माहिती आणि अस्वस्थ करणारा मजकूर कमी दिसू लागला, वापर मात्र घटला नाही, असंही त्याच कागदपत्रांत आहे. म्हणजे 3 वर्षं जो मजकूर 'लोकांना हवाय' म्हणून वाढला, तो एका ओळीतला आकडा बदलल्यावर कमी झाला, आणि लोक कुठेही गेले नाहीत. आरशात असं होत नाही.

दुसरी तक्रार : मोजायला सोपं ते तुम्ही मोजता आणि त्यालाच माणसाची इच्छा म्हणता. यूट्यूबने 2012 मध्ये क्लिकऐवजी वॉच-टाइम, म्हणजे बघण्यात गेलेला वेळ, धरायला सुरुवात केली, कारण क्लिकमुळे फसव्या थंबनेलचं पीक आलं होतं. सुधारणा खरी होती. पण वॉच-टाइमलाही माणूस गुंगून बघत होता की स्क्रीनसमोर नुसता पडून होता, हा फरक दिसत नाही. ट्विटरच्या एका ऑडिटमध्ये संशोधकांनी लोकांना सरळ विचारून पाहिलं, ही पोस्ट तुम्हाला बघायची होती का? एंगेजमेंटवर (लाइक, रिप्लाय, क्लिक अशा कृतींवर) चालणाऱ्या फीडने विरोधी गटावर आग पाखडणाऱ्या पोस्ट जास्त दाखवल्या होत्या, आणि अल्गोरिदमने निवडलेल्या राजकीय पोस्ट लोकांना विशेष पसंत नव्हत्या. क्लिक केलं म्हणजे हवं होतं असं नाही. रस्त्यात भांडण लागलं तर मान वळतेच.

बदली माप धरल्यावर काय होतं याचा सर्वांत स्वच्छ पुरावा तुमच्या क्षेत्राबाहेरचा आहे. 2019 मध्ये 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात अमेरिकेतल्या एका आरोग्य-अल्गोरिदमची तपासणी छापून आली. कोणत्या रुग्णाला जादा देखभालीची गरज आहे हे त्याने ठरवायचं होतं. गरज मोजणं अवघड, म्हणून त्याला पुढच्या खर्चाचा अंदाज बांधायला शिकवलं होतं. कृष्णवर्णीय रुग्णांवर, आजार तेवढाच असूनही, खर्च कमी होत आला होता. त्यामुळे सारखाच स्कोअर मिळालेल्यांत ते जास्त आजारी निघाले. ही तफावत दूर केली तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण 17.7 वरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असा संशोधकांचा हिशोब होता. वंश हा घटक मॉडेलला दिलेलाच नव्हता. अंदाज अचूक होता, पण प्रश्नच चुकीचा विचारला होता. तुमच्या फीडबद्दल आम्ही हेच म्हणतो आहोत.

तिसरी गोष्ट फीडबॅक लूपची. वरच्या जागी ठेवलेल्या पोस्टवर केवळ ती वर आहे म्हणूनही जास्त क्लिक पडतात. उद्याचं मॉडेल आजच्या क्लिकवर शिकतं, म्हणजे ते बऱ्याच अंशी स्वतःचीच उत्तरं घोकत असतं. यावरचा उपाय आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. थोड्या जागा, समजा 1 टक्का, यादृच्छिक क्रमाने भरायच्या; प्रत्येक पोस्ट त्या जागी दाखवली जाण्याची शक्यता किती होती ती त्याच क्षणी लॉगमध्ये (यंत्रणेच्या नोंदवहीत) लिहायची; आणि प्रशिक्षणाच्या वेळी प्रत्येक क्लिकला त्या शक्यतेने भागायचं. ती शक्यता तेव्हाच नोंदवली नाही तर नंतर दुरुस्ती जवळपास अशक्य असते, कारण तोवर मॉडेल बदललेलं असतं. पण यादृच्छिक जागांमुळे त्या दिवसाचं एंगेजमेंट थोडं घसरतं, म्हणून तिमाहीचं टार्गेट जवळ आलं की पहिली कात्री या प्रयोगावरच चालते.

लूपचा परिणाम किती होतो हे 2006 मध्ये साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी एका प्रयोगात दाखवून दिलं होतं. 14 हजारांहून अधिक लोक, अनोळखी बँडची 48 गाणी. काहींना नुसती गाणी दिली, काहींना आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटून आपापल्या जगातले डाउनलोडचे आकडे दाखवले. आकडे दिसताच लोकप्रिय आणि दुर्लक्षित गाण्यांतली दरी रुंदावली, आणि यादी डाउनलोडच्या क्रमाने लावल्यावर आणखी रुंदावली. एका जगात पुढे असलेलं गाणं दुसऱ्यात मागे. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार गाणी सहसा शिखरावर गेली नाहीत. मधल्या गाण्यांचं काहीही झालं. ही लोकांची आवड म्हणायची, तर आठांपैकी कुठल्या जगातली?

चौथी, तुमच्या ए/बी चाचण्या, म्हणजे काही जणांना बदल दाखवून बाकीच्यांशी तुलना करणं. दोन आठवड्यांची चाचणी, एंगेजमेंट वाढलं, बदल सगळ्यांना लागू. यात तीन गोष्टी निसटतात. नवेपणाची चमक पहिल्या काही दिवसांत आकडे फुगवते. चाचणीतला आणि चाचणीबाहेरचा माणूस एकमेकांना मेसेज करतात, त्यामुळे तुलनेचा गट शुद्ध राहत नाही. आणि तिसरी सगळ्यांत महत्त्वाची : चाचणीत तुम्ही बघणाऱ्यांची वाटणी करता, बनवणाऱ्यांची नाही. बदल लागू झाल्यावर बनवणारे आपला माल बदलतात, आणि ते दोन आठवड्यांत कधीच दिसत नाही. यूट्यूबवर व्हिडिओच्या मध्ये जाहिरात घालायला 10 मिनिटांची अट होती तेव्हा सहा मिनिटांचा विषय 10 मिनिटं आणि काही सेकंद ताणलेला सगळ्यांनी पाहिला आहे. जुलै 2020 मध्ये ती अट 8 मिनिटांवर आली. फेसबुकने 2018 मध्ये कमेंट आणि शेअरला मोठं वेटेज दिल्यावर युरोपातल्या राजकीय पक्षांनी कंपनीलाच कळवलं होतं, की आता नकारात्मक पोस्ट टाकल्याशिवाय आमचं कुणी बघत नाही. समाज बदलतो तो इथे. एकेका माणसाचं मत फीडने फिरवलं की नाही यावर संशोधक वाद घालत राहतील. पण पत्रकार, पक्ष, शिक्षक, कलाकार काय आणि कसं बनवतात हे तुमच्या आकड्यांनी बदललं, यात आम्हाला शंका नाही.

दीर्घ चाचणी केली की वेगळं चित्र दिसतं, हेही तुमच्याच घरातून आलं आहे. फेसबुकच्या विश्लेषण टीमने नोटिफिकेशन कमी करून पाहिल्या. आधी भेटी घटल्या. वर्षभर प्रयोग चालू ठेवला तेव्हा वापर भरून निघून वर गेला. दोन आठवड्यांत तो प्रयोग 'अयशस्वी' म्हणून बंद झाला असता.

'नको' म्हणायच्या बटणांबद्दल थोडक्यात. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला संस्थेने 2022 मध्ये 20 हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या मदतीने यूट्यूबची बटणं तपासली. 'हे चॅनल सुचवू नका' दाबल्यावर नको असलेल्या शिफारशी 43 टक्क्यांनी टळल्या, डिसलाइकने 12, आणि 'रस नाही'ने 11. माणूस स्पष्ट शब्दांत नाही म्हणतो त्याची ही किंमत, आणि अर्धा सेकंद बोट थांबलं तर त्याची नोंद मात्र पक्की.

शेवटची तक्रार परवानगीची. जानेवारी 2012 मध्ये फेसबुकने 6,89,003 लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट आठवडाभर कमी करून पाहिल्या, आणि त्या लोकांनी स्वतः काय लिहिलं ते मोजलं. परिणाम अगदी बारीक निघाला, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जगाला हे 2014 मध्ये शोधनिबंध छापल्यावर कळलं. तसंच अनुमानांचं. नुसत्या लाइकवरून माणसाचा राजकीय कल, धर्म, लैंगिक कल बऱ्यापैकी ओळखता येतो, हे 2013 मध्ये 58 हजार स्वयंसेवकांच्या डेटावर दाखवून झालं आहे. 'माझा डेटा काढून टाका' म्हटल्यावर पोस्ट आणि फोटो जातात. त्यांवरून काढलेली अनुमानं आणि त्यांवर शिकलेली मॉडेलं जातात का, हे वापरकर्त्याला कुठेच दिसत नाही. हे अशक्य आहे असंही नाही : 2021 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने, एव्हरअल्बम या फोटो-ॲपला चेहरे ओळखायला शिकलेली मॉडेलंसुद्धा नष्ट करायला लावली.

तुमच्या बाजूचंही एक सांगायला हवं, नाहीतर मागण्या भाबड्या ठरतील. वेळेनुसार लावलेली फीड हा रामबाण उपाय नाही. 2020 च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात हजारो लोकांना 3 महिने अशी फीड देऊन पाहिलं गेलं, 2023 मध्ये निष्कर्ष छापले गेले. शिवराळ मजकूर घटला, मंचावरचा वेळही घटला. पण राजकीय आणि अविश्वासार्ह मजकूर वाढला, आणि ध्रुवीकरणात मोजता येईल असा फरक पडला नाही. शिवाय वेळेनुसार लावलं की दिवसाला चाळीस पोस्ट टाकणारा जिंकतो. म्हणून अल्गोरिदम बंद करा अशी आमची मागणी नाही. स्पॅम गाळायलाही क्रमवारी लागतेच.

मागण्या अशा :

1. वापरकर्त्याने निवडलेली मांडणी तो स्वतः बदलेपर्यंत टिकावी. ॲप अपडेट झालं, फोन बदलला तरी. युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट या कायद्याने तिथे साडेचार कोटींहून जास्त मासिक वापरकर्ते असलेल्या मंचांना प्रोफायलिंगशिवायचा पर्याय सक्तीचा केलाच आहे. जे तिथे देता ते सगळीकडे द्या. मागच्या आठवड्यात किती जणांनी हा पर्याय निवडला आणि किती जणांचा तो आपोआप उलटला, हे दोन्ही आकडे जाहीर करा.

2. कोणत्या कृतीला किती वेटेज आहे याचा तक्ता प्रसिद्ध करा, आणि तो बदलला की तारीख, जुना आकडा, नवा आकडा आणि कारण लिहा. स्पॅमवाले गैरफायदा घेतील ही सबब स्पॅम-गाळणीपुरती मान्य. तो भाग झाका. रिप्लायला लाइकच्या सत्तावीसपट वेटेज असेल तर तो आकडा झाकण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

3. क्रमवारीचा कुठलाही मोठा बदल किमान 1 टक्का वापरकर्त्यांपासून वर्षभर दूर ठेवा आणि वर्षाअखेरीचा फरक छापा. नोटिफिकेशन बंद करणारे आणि ॲप काढून टाकणारे सरासरीतून वगळू नका. ते वगळले की उरलेले सगळे खूश दिसतात.

4. 'ही पोस्ट बघायची होती का' हा प्रश्न रोज थोड्या लोकांना विचारा आणि त्या उत्तरांना स्कोअरमध्ये जागा द्या. सर्वेक्षणं तुम्ही आजही करता. त्यांना किती वेटेज दिलंत ते दुसऱ्या मागणीतल्या तक्त्यात दिसू दे.

5. 'नको' म्हटल्याचा परिणाम दाखवा. पुढच्या 30 दिवसांत तशा किती पोस्ट आल्या, एवढा एक आकडा सेटिंगमध्ये पुरे.

6. भावना, मानसिक आरोग्य किंवा मतदान यांना हात घालणारे प्रयोग पूर्वपरवानगीशिवाय नकोत, आणि अल्पवयीनांवर मुळीच नकोत. डेटा काढायला सांगितल्यावर त्यावरची अनुमानंही काढा.

7. बाहेरच्या संशोधकांना लॉग तपासू द्या, तिसऱ्या तक्रारीत सांगितलेल्या, पोस्ट दाखवली जाण्याच्या शक्यतेच्या रकान्यासकट. त्या रकान्याशिवाय दिलेला डेटा शोभेचा असतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

यातल्या पहिल्या दोन मागण्यांना नवं मॉडेल लागत नाही, नवा सर्व्हर लागत नाही. पहिलीसाठी खात्यासोबत साठवायची एक नोंद आणि ॲप उघडताना ती वाचणारा कोड. दुसरीसाठी एक पान. तुमच्यातल्या कुठल्याही टीमला ही दोन्ही कामं पुढच्याच रिलीजमध्ये बसवता येतील. बाकीच्या पाचांना वेळ लागेल, तो घ्या. तारखा मात्र जाहीर करा.

आपले,
शिफारस-प्रणालींवर काम करणारे काही जण